सेकंदाला हजार टन वातावरण

नवरात्राच्या सुमारास रात्री आठच्या आसपास नाशिकच्या जवळजवळ डोक्यावर, श्रवण नक्षत्राच्या उत्तरेला, जंबुक नावाचा फिकट तारकासमूह असतो. त्यात ६४ प्रकाशवर्षांवर एचडी १८९७३३ हा तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही; गंगापूर धरणाच्या बाजूला, शहराचे दिवे मागे टाकून द्विनेत्रीने शोधला तर सापडतो.

त्याच्याभोवती गुरूहून किंचित जड असा वायूचा ग्रह फिरतो. त्याचं वर्ष आपल्या सव्वादोन दिवसांचं, आणि ताऱ्यापासूनचं अंतर बुध-सूर्य अंतराच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याएवढं.

इतक्या जवळ ग्रह भाजून निघणारच. पण त्याचं वातावरण पळवतो तो ताऱ्याचा साधा उजेड नव्हे, तर क्ष-किरण आणि अतिनील किरण. ताऱ्याच्या एकूण ऊर्जेत त्यांचा वाटा अगदी थोडा, मात्र ते वरच्या विरळ हायड्रोजनमध्येच शोषले जातात. अणूतला इलेक्ट्रॉन उडतो, त्याची ऊर्जा भोवतालच्या वायूला मिळते आणि तिथलं तापमान दहा हजार अंशांच्या घरात जातं. मग हा वायू इतका फुगतो की ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणाला आवरत नाही.

एप्रिल २०१० मध्ये हबल दुर्बिणीला या गळतीचा मागमूस लागला नव्हता. सप्टेंबर २०११ मध्ये पुन्हा पाहिलं, तर चित्र वेगळंच! ताऱ्यासमोरून जाताना हा ग्रह एरवी त्याचा अडीच टक्के प्रकाश अडवतो. हायड्रोजनच्या अतिनील प्रकाशात त्या वेळी सुमारे १४ टक्के अडला. आणि त्याच्या आठ तास आधी स्विफ्ट उपग्रहाने ताऱ्यावर क्ष-किरणांचा भडका टिपला होता. एका जोडीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, तरी मला ती फार बोलकी वाटते.

गळती किती? सेकंदाला किमान हजार टन. गंगापूर धरणातून ३५ हजार क्युसेक विसर्ग सोडला की गोदावरीत सेकंदाला तेवढंच पाणी उतरतं. पुराच्या पातळीसाठी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर नजर ठेवणाऱ्या नाशिककरांना त्याचा अर्थ सांगायला नको.

एवढं जाऊनही हा ग्रह संपणार नाही. शंभर कोटी वर्षांत या वेगाने त्याच्या वस्तुमानाचा हजारावा भागही जात नाही. खरा घाव बसतो तो नेपच्यूनएवढ्या ग्रहांवर. ताऱ्याला अगदी खेटून फिरणारे तसे ग्रह फारच थोडे सापडतात, आणि त्यामागे ही गळती हे एक कारण मानलं जातं.

ग्रहाला चुंबकक्षेत्र असेल तर गळतीची वाटच बदलते. ताऱ्याकडून येणारा कणांचा झोत त्या क्षेत्रावर आदळला की रेडिओ लहरी निघायला हव्यात. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या नारायणगावाजवळ, खोडदला, ४५ मीटरच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिने याच ग्रहाचा १५० मेगाहर्ट्झवर वेध घेतला. काही सापडलं नाही. पण आपल्या गुरूच्या अशा लहरी ४० मेगाहर्ट्झच्या आसपासच थांबतात. या ग्रहाचं क्षेत्र गुरूइतकंच असेल, तर खोडदने निवडलेल्या लहरींत तो सापडणं शक्यच नव्हतं.