दहा रुपयांच्या चहाचा भार

यूपीआय भारतात रुजलं ते अ‍ॅप देखणी होती म्हणून, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण अ‍ॅप पैसे हलवतच नाही, नुसता निरोप पोचवतं.

टपरीवर कोड स्कॅन करून पिन टाकला की निरोप एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, स्विचकडे (बँकांमध्ये निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या यंत्रणेकडे) जातो. स्विच तुमच्या बँकेला सांगतो, दहा रुपये वजा करा. वजा झाल्याचं उत्तर आलं, की चहावाल्याच्या बँकेला सांगतो, जमा करा. हे दुसरं उत्तर वेळेत आलं नाही की पैसे अडकतात. २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दोन व्यक्तींमधल्या व्यवहारात अशी रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. पुढे रोज १०० रुपये भरपाई.

खरा ताण पडतो बँकेच्या मुख्य प्रणालीवर, म्हणजे सीबीएसवर. खातं शोधणं, शिल्लक तपासणं, नोंद करणं, उत्तर देणं: दहा रुपये असोत की दहा हजार, काम तेवढंच. त्यात जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. काम अफाट, दुकानदाराकडून मिळकत शून्य. नवी युक्ती इथूनच निघाली.

सप्टेंबर २०२२ मध्ये यूपीआय लाइट आलं. थोडी रक्कम एकदाच खात्यातून लाइटमध्ये भरायची. त्या वेळी सीबीएसला एकच नोंद करावी लागते. पुढचे चहा-वडापाव त्या शिलकीतून वजा होतात, पिनशिवाय. पासबुकात भरणा तेवढा दिसतो. पिन नसल्यामुळे उघडा फोन कुणाच्या हाती पडला तर शिल्लक जाऊ शकते, म्हणून रकमेला मर्यादा: सुरुवातीला एका व्यवहाराला २०० आणि लाइटमधली शिल्लक २,०००, ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती १,००० आणि ५,००० करायचं जाहीर केलं. दुकानदाराकडचा जमेचा भार मात्र यानेही हटत नाही.

अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्यांनी मिळकत दुसरीकडे शोधली. खोट्या स्क्रीनशॉटने फसणाऱ्या दुकानदाराला सिमकार्डवर चालणारा, मराठीत रक्कम बोलणारा साउंडबॉक्स भाड्याने दिला. रोजच्या जमेच्या नोंदी पाहून कर्जही मिळवून देऊ लागल्या.

लाइट वापरत असाल तर फोन बदलण्याआधी ते बंद करा, म्हणजे उरलेली रक्कम खात्यात परत येते. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. मागणारा ठग असतो.