बोट फिरतंय की चेहरा?

आमच्या दादरच्या योगवर्गात महिन्याला एकीचा तरी हा प्रश्न असतोच : "ताई, मी रोज चेहऱ्यावर रोलर फिरवते. म्हणजे माझा फेस योगा झालाच ना?" नाही झाला. रोलर फिरवणं हा मसाज. चेहऱ्याचा व्यायाम हे निराळंच प्रकरण आहे, आणि या दोघांची खिचडी करून क्लास विकणाऱ्यांनी घोळ आणखी वाढवून ठेवलाय.

मसाजवर फार बोलत नाही. बाळाच्या मालिशीपासून दिवाळीच्या अभ्यंगस्नानापर्यंत आपण तेलातच वाढलोय. चेहऱ्यावर साचलेलं पाणी हलक्या हाताने मानेकडे उतरवायचं, एवढंच त्यातलं मर्म. १९३०च्या दशकात व्हॉडर या डॅनिश दांपत्याने त्याची पद्धतशीर बैठक बसवली. आदल्या रात्री लग्नात पापड-लोणच्यावर ताव मारला असेल आणि सकाळी डोळे सुजले असतील, तर जरूर करा. दुपारपर्यंत काम भागतं. फ्रीजमधल्या स्टीलच्या चमच्यानेही बरंचसं भागतं, हे रोलर विकणारे सांगत नाहीत. ग्वा शा या चिनी प्रकारात मुळात गुळगुळीत पट्टीने अंग लाल वळ उठेपर्यंत घासायचं. चेहऱ्यासाठी त्याचं मवाळ रूप आलं. तोही मसाजच.

आता घोटाळ्याची जागा. व्यायाम करतानाही बोटं गालावरच असतात, त्यामुळे बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. माझी खूण सोपी आहे : बोट फिरत असेल आणि चेहरा स्वस्थ असेल, तर तो मसाज. बोट जागेवर असेल आणि चेहरा हलत असेल, तर व्यायाम.

गालाचाच व्यायाम घ्या. तोंडाचा 'ओ' करायचा. वरचा ओठ दातांवर दुमडायचा. मग हसायचं, म्हणजे गाल वर चढतात. बोटं गालाच्या उंचवट्यावर अलगद टेकवायची. गाल खाली सोडायचे, पुन्हा चढवायचे. बोटांखाली स्नायू घट्ट होऊन फुगलेला लागला पाहिजे. तो लागला नाही तर तुम्ही नुसतं तोंड वेंगाडताय. आणि बोटं कोरडी हवीत. मसाजला तेल लागतं, इथे तेल लावलंत तर बोट घसरतं आणि कातडी नाहक ओढली जाते. वर्गात तेलकट चेहऱ्याने आलेल्यांना मी आधी मोरीकडे पाठवते.

स्नायूला काम पडलं तरच तो भरतो. चौपाटीवरच्या मालीशवाल्याने तुम्हाला तासभर रगडलं तरी बेटकुळ्या त्याच्याच दंडात येणार. चेहऱ्याचंही तेच, फक्त एक मेख आहे. दंडाचा स्नायू हाडापासून हाडापर्यंत जातो. हसण्या-रडण्याचे स्नायू मात्र थेट कातडीत जाऊन रुजलेले असतात. ते आखडले की कातडी दुमडते, आणि रोज त्याच जागी दुमडली की घडी पक्की होते. कपाळाचा स्नायू उभा, म्हणून आठ्या आडव्या. बोटॉक्स, म्हणजे सुरकुत्यांवरचं इंजेक्शन, नेमका हाच स्नायू झोपवतं. मग भुवया वर-खाली करण्याचा 'कपाळाचा व्यायाम' कशाला शिकवायचा? मी शिकवत नाही. गाल भरणं ही या व्यायामाची कमाई. कपाळाची इस्त्री त्याच्याकडे मागू नये.

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा अभ्यास जानेवारी २०१८मध्ये छापून आला. ४० ते ६५ वयाच्या २७ बायका, ३२ व्यायाम. आठ आठवडे रोज अर्धा तास, मग विसाव्या आठवड्यापर्यंत दिवसाआड. फोटो पाहून सांगितलेलं सरासरी वय ५०.८वरून ४८.१वर आलं, आणि ठळक फरक पडला तो गालांच्या भरीवपणात. पण शेवटपर्यंत टिकल्या १६च, आणि तुलनेला व्यायाम न करणारा गटच नव्हता. म्हणून 'दहा वर्षांनी तरुण व्हा' अशी पाटी दिसली की मी रस्ता बदलते. सुरकुत्या मुख्यतः उन्हाने पडतात; सनस्क्रीन न लावता गाल फुगवत बसणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

'पाच हजार वर्षांची फेस योगा परंपरा' हे दुसरं पालुपद. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात सिंहासन, म्हणजे सिंहाचं आसन, आहे : हात गुडघ्यांवर, बोटं पसरलेली, तोंड उघडं, नजर नाकाच्या शेंड्यावर. ते कशासाठी, तर तिन्ही बंध, म्हणजे श्वासासोबत शरीर आतून आवळून धरण्याच्या योगातल्या तीन क्रिया, साधावेत म्हणून. गालांचं तिथे नावही नाही. सिंहासन मला आवडतं, रोज करते, पण त्याच्या नावावर क्रीम विकू नये.

एक मात्र गमतीत घेऊ नका. अचानक एका बाजूचं तोंड वाकडं झालं, डोळा मिटेना, तर व्यायाम नाही, मसाज नाही, रोलर तर नाहीच. तडक हॉस्पिटल गाठायचं. पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट ठरवतील.

शेजारच्या वहिनींनी लोकलच्या लेडीज डब्यात दीडशेला रोलर घेतला होता. आता त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता 'ओ' करून बसतात, आणि नातू समोर बसून त्यांच्या नकला करतो. रोलर फ्रीजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात आहे. लग्न असलं की निघतो.