रंग खरवडताना उडणारं शिसं

दिवाळीच्या आधी मुंबईत रंगाऱ्यांना उसंत नसते. जुन्या चाळींतल्या दारं-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर चढलेले असतात. नवा हात मारण्याआधी ते खरवडायचे, मग पॉलिश पेपरने घासायचे, ही नेहमीची रीत. नव्या डब्यात शिसं आहे का, हे हल्ली काही गिऱ्हाइकं विचारतात. जुन्या थरांबद्दल कुणीच विचारत नाही, आणि धोका तर तिथेच जास्त.

लेड क्रोमेट या शिशाच्या संयुगामुळे झळझळीत पिवळा आणि नारिंगी रंग मिळायचा, त्यात निळा मिसळला की हिरवा. शिशाच्या इतर काही संयुगांमुळे ऑइलपेंट लवकर वाळायचा. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. पण ती नव्या डब्यांना. आधी लागलेला रंग जिथल्या तिथे आहे. चुन्याच्या भिंतींची फारशी चिंता नको. संशय घ्यावा तो लाकडावरच्या आणि लोखंडी ग्रिलवरच्या ऑइलपेंटचा.

धड बसलेला थर सहसा त्रास देत नाही. घासला की त्याची बारीक धूळ होते, ती लादीवर बसते, आणि रांगतं मूल हात तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतात. शरीर त्याला कॅल्शियमसारखं वागवतं, म्हणून ते हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं. वाढत्या मेंदूचं नुकसान होतं, ते भरून येत नाही. शिशाची निर्धोक म्हणावी अशी पातळी आजवर सापडलेली नाही.

अमेरिकेत घरांसाठी शिशाचा रंग १९७८ साली बंद झाला. त्याआधीच्या घरांत पैसे घेऊन दुरुस्ती करणाऱ्यांना २०१० पासून प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी आठ तासांचं प्रशिक्षण असतं. खोलीत सहा चौरस फुटांहून जास्त रंगवलेला भाग खरवडायचा असेल, तर नियम लागू. शिकवतात ते मुख्यतः धूळ आवरायला: लादीवर प्लॅस्टिक अंथरा, पृष्ठभाग ओला करून घासा, ब्लोलॅम्पने रंग जाळू नका. मला सगळ्यात आवडते ती शेवटची परीक्षा. साफसफाई झाल्यावर ओल्या फडक्याने लादी पुसायची आणि फडकं एका छापील कार्डाशी ताडून पाहायचं. कार्डापेक्षा मळकट दिसलं, तर पुन्हा सफाई!

नाक्यावरून आणलेल्या रंगाऱ्याकडे असं प्रमाणपत्र कुठून असणार? पण वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, त्याच्या ओळखीचा असतो. कोरडं घासण्याऐवजी तोच वापरायला सांगा. झाडू नको, ओलं पुसा. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क द्या. मुलं आणि गरोदर बाई काम संपेपर्यंत दुसरीकडे राहिलेली बरी. खरवडलेला चुरा पिशवीत घट्ट बांधायचा, आणि रंगाऱ्याला कामाचे कपडे इथेच बदलायला जागा द्यायची, कारण त्याच्या घरीही लहान मूल असू शकतं.