हॅरिस आणि गाइल्स : एका दमात घेतली जाणारी दोन नावे

मुंबईच्या शालेय क्रिकेटचा विषय निघाला की ‘हॅरिस-गाइल्स’ असे जोडनाव सहज घेतले जाते, आणि त्यामुळे ही एकाच स्पर्धेची दोन नावे असावीत, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात या दोन स्वतंत्र आंतरशालेय स्पर्धा असून दोन्हींचे आयोजन मुंबई शालेय क्रीडा संघटना करते. हॅरिस शिल्डची सुरुवात १८९७ मधली, गाइल्सची १९०१ मधली. १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस यांचे नाव पहिल्या ढालीला मिळाले.

हॅरिस सोळा वर्षांखालील मुलांची आणि गाइल्स चौदा वर्षांखालील मुलांची, एवढे सांगून बहुतेक जण थांबतात. पण ही मर्यादा फक्त वरची आहे, हे ध्यानात घेतले जात नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला गाइल्सचा दरवाजा बंद असतो, तर गाइल्सच्या वयाचा मुलगा हॅरिसमध्ये खुशाल खेळू शकतो. सर्फराझ खानने २००९ मध्ये ४३९ धावा केल्या त्या हॅरिसमध्ये, आणि तेव्हा तो अवघा बारा वर्षांचा होता. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमकडून सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागी रचली गेली, तो सामनाही हॅरिसच्या उपांत्य फेरीचा. नाबाद ३२६ धावा करणारा सचिन तेंडुलकर तेव्हा चौदा वर्षांचा होता, तर नाबाद ३४९ धावा करणारा विनोद कांबळी त्याच्यापेक्षा सव्वा वर्षाने मोठा होता.

मैदानात शेजारीशेजारी इतके सामने चालू असतात की एका सामन्याचा सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा दिसतो. तेथे कोणता सामना कोणत्या ढालीचा, हे ओळखायचे असेल तर यष्टिरक्षकाकडे पाहावे. पॅड मांडीपर्यंत आले असतील आणि षटक संपल्यावर चालताना ते एकमेकांवर आपटत असतील, तर सामना बहुधा गाइल्सचा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांमध्ये उंचीची तफावत फार असते, एखादाच लवकर वाढलेला गोलंदाज अख्खा संघ गुंडाळू शकतो आणि नेटका फलंदाजही छातीच्या उंचीवर उसळलेल्या चेंडूपुढे अडतो. हॅरिसच्या वयापर्यंत ही तफावत पुष्कळ कमी होते. म्हणून दोन्हींकडच्या धावा एकाच यादीत मांडणे मला पटत नाही. अरमान जाफरच्या ४९८ धावा गाइल्समधल्या आणि पृथ्वी शॉच्या, नोव्हेंबर २०१३ मधल्या, ५४६ धावा हॅरिसमधल्या आहेत, हे सांगितल्याशिवाय ती तुलना अपुरीच राहते.

या गोंधळात एक तिसरीच खेळी नेहमी ओढली जाते. प्रणव धनावडेच्या जानेवारी २०१६ मधल्या नाबाद १००९ धावा हॅरिसच्या नव्हेत आणि गाइल्सच्याही नव्हेत. त्या कल्याणमध्ये, भंडारी चषक या सोळा वर्षांखालील आंतरशालेय स्पर्धेत झाल्या. त्या खेळीने मागे टाकलेला ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ मधला नाबाद ६२८ धावांचा विक्रम तर आंतरशालेयही नव्हता, ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेज या एकाच शाळेतल्या दोन हाउसांमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गटांमध्ये, झालेला तो घरचाच सामना होता.