राउटरच्या वहीत तुमची नोंद आहे का?

गेल्या दिवाळीत गावाकडच्या घराला चार कॅमेरे बसवले. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर राउटरला जोडला, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला वाट करून देणारं राउटरमधलं सेटिंग) केलं आणि पुण्याला परत आलो. रात्री मोबाइलवर अंगण बघायला गेलो तर पडदा काळा. केबलवाल्याला फोन लावला. "नेट चालू आहे ना? मग?" नेट चालूच होतं. आईचं यूट्यूबवरचं कीर्तन अखंड सुरू होतं. घरातून बाहेर जायला वाट होती, बाहेरून घरात यायला नव्हती. एकाच तारेवर हे कसं काय?

जुन्या लोकांना पीपी नंबर आठवत असेल. अख्ख्या चाळीत फोन एकच, तोही वाण्याच्या दुकानात. तिथून कुणीही कुठेही फोन लावावा. पण बाहेरून घंटी वाजली की पहिला प्रश्न यायचा, "कुणाला बोलवू?" आपला राउटर म्हणजे हा वाणी. फरक इतकाच, की हा काही विचारत नाही. फोन कुणासाठी हे कळलं नाही, तर सरळ ठेवून देतो.

इंटरनेटवरचा नेहमीचा, म्हणजे आयपीव्ही४ पत्ता असतो ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून जेमतेम ४२९ कोटी पत्ते. हे पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच दिसू लागलं होतं. मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ या टिपणात नॅट, म्हणजे पत्ताबदलाची युक्ती मांडली गेली, आणि तीही तात्पुरता उपाय म्हणून! घरातल्या यंत्रांना खासगी पत्ते द्यायचे, बाहेर दाखवायला मात्र एकच. म्हणूनच १९२.१६८.१.५ हा पत्ता तुमच्याही घरात सापडेल आणि शेजाऱ्याच्याही.

आता राउटरच्या वहीत डोकावू. लॅपटॉप (१९२.१६८.१.५) एक वेबसाइट उघडतो. ती ऐकते ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर, लॅपटॉप स्वतःसाठी ५१५१४ हा पोर्ट घेतो. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यामागचा खोली क्रमांक, ० ते ६५५३५ पर्यंतचा. इंटरनेटवर माहिती छोट्या पाकिटांतून जाते; राउटर पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून तिथे आपला, समजा २०३.०.११३.७, लिहितो आणि वहीत नोंद करतो: '५१५१४ वर उत्तर आलं तर लॅपटॉपला द्या.' तेवढ्यात आईच्या मोबाइलनेही नेमका ५१५१४ च निवडला तर? राउटर त्याचा पोर्टही बदलतो, ४००२२ करतो आणि दुसरी ओळ लिहितो. उत्तरं आली की वही बघून ज्याचं त्याला.

या ओळी कायमच्या नसतात. यूडीपी या पोच न मागता पाकिटं पाठवण्याच्या पद्धतीची नोंद थोडा वेळ शांतता राहिली की पुसली जाते. म्हणून मेसेजिंगची अ‍ॅप्स अधूनमधून एखादं रिकामं पाकीट बाहेर पाठवत राहतात. बोलायचं काही नसतं, फक्त ओळ पुसली जाऊ नये.

बाहेरून आपणहून आलेल्या पाकिटासाठी वहीत ओळच नसते, कारण घरातून आधी कुणी त्याला हाक मारलेली नसते. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे अशी ओळ आपण हाताने, कायमची लिहून ठेवणं. यूपीएनपी हे राउटरमधलं सेटिंग चालू असेल तर घरातली यंत्रं ती स्वतःच लिहून घेतात. गेम खेळणाऱ्यांची सोय होते, पण मला ते बंद ठेवलेलंच बरं वाटतं. घरात शिरलेला व्हायरसही तशीच ओळ लिहू शकतो. २०१६ मध्ये मिराई या व्हायरसने बाहेरून गाठता येणारे आणि कारखान्याचाच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे, डीव्हीआर शोधून शोधून ताब्यात घेतले होते.

पण मी तर ओळ लिहिली होती! गोम निघाली राउटरच्या स्टेटस पानावर. वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या रकान्यात पत्ता होता १००.७२ ने सुरू होणारा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. म्हणजे माझ्या वाण्याच्या वर आणखी एक मोठा वाणी बसला होता. कंपनीच्या त्या यंत्रामागे कितीतरी घरं एकच पत्ता वाटून घेतात. याला सीजीनॅट म्हणतात. माझी ओळ खालच्या वहीत, पाकीट अडलं वरच्या वहीपाशी, आणि त्या वहीत मला कोण लिहू देणार? तुमचंही फॉरवर्डिंग चालत नसेल तर आधी हा रकाना बघा. तिथला पत्ता आणि 'माझा आयपी' सांगणारी साइट दाखवते तो पत्ता वेगळे निघाले, तर राउटरशी झटापट करण्यात अर्थ नाही.

यावर खरा इलाज आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. तिथे पत्ता १२८ बिटांचा, प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःचा मिळू शकतो, नॅटची गरज उरत नाही. अर्थात तिथेही राउटरची फायरवॉल बाहेरच्याला अडवतेच, पण तिला परवानगी देणं आपल्या हातात असतं. कंपनीकडून पैसे भरून स्थिर पत्ताही घेता येतो.

मी दोन्ही केलं नाही. डीव्हीआरमधला पीटूपीचा पर्याय चालू केला आणि खालच्या स्टिकरवरचा क्यूआर कोड भावाला मोबाइलवर पाठवायला सांगितलं. आता डीव्हीआर स्वतःच बाहेर, कंपनीच्या सर्व्हरला हाक मारून ओळ जिवंत ठेवतो आणि माझा मोबाइल तिथेच त्याला गाठतो. अंगण दिसतं. आमच्यामध्ये तिसऱ्याचा सर्व्हर बसलाय, म्हणून घरातला कॅमेरा मात्र मी त्यातून काढून टाकला.