माणसाचा घरगुती उपाय मांजराला का चालत नाही?

विलो झाडाच्या सालीतलं सॅलिसिन पोटात गेलं की शरीर त्याचं सॅलिसिलिक ॲसिड, म्हणजेच सॅलिसिलेट, बनवतं. ॲस्पिरिनही शरीरात शेवटी याच रूपात काम करतं, म्हणून सांधेदुखीवरच्या कितीतरी ‘नैसर्गिक’ पुड्यांमध्ये ही साल असते. वेदनाशमनाच्या साध्या मात्रेत माणसाच्या रक्तातलं सॅलिसिलेट दोन-तीन तासांत निम्म्यावर येतं. कुत्र्याला त्यासाठी साधारण आठ तास लागतात, मांजराला मात्र चाळीस तासांच्या आसपास. मांजराला रोज एक मात्रा दिली, तर दुसऱ्या दिवशी पहिलीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग अंगात शिल्लक असतो आणि त्यावर नवी भर पडते. पदार्थ झाडाचा आहे की कारखान्यातला, याने या हिशोबात काडीचाही फरक पडत नाही. तो कोणाच्या शरीरात चाललाय, किती चाललाय आणि बाहेर कसा पडणार, हे पाहायला हवं.

बहुतेक प्राण्यांचं यकृत सॅलिसिलेट, पॅरासिटामॉल अशा फिनॉल गटातल्या पदार्थांना ग्लुक्युरोनिक ॲसिड जोडतं. त्यामुळे ते पाण्यात विरघळतात आणि लघवीवाटे निघून जातात. हे काम करणाऱ्या एन्झाइमपैकी महत्त्वाच्या एकाचा जनुक, यूजीटी1ए6, मार्जारकुळात निकामी झालेला आहे. पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते ती यामुळेच. गोळीपासून बनणारे विषारी घटक रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता काढून घेतात. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास जलद होतो. हे दिसेपर्यंत थांबू नये. गोळी पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी पशुवैद्याकडे न्यावं.

सुगंधी तेलांचा धोका बराचसा याच वाटेने येतो. त्वचेवरच्या पुरळासाठी माणसं पातळ करून लावतात ते टी ट्री तेल मांजराच्या किंवा छोट्या कुत्र्याच्या अंगाला निव्वळ स्वरूपात लावलं, तर ते कातडीतून आत जातं आणि अंग चाटताना पोटातही जातं. मग लाळ गळते, तोल जातो, मागचे पाय लटपटतात, अंग थंड पडतं. हवेत तेलाचा फवारा सोडणारा डिफ्यूझर लोकांना निरुपद्रवी वाटतो, पण त्याचे बारीक थेंब केसांवर बसतात आणि मांजर दिवसभर स्वतःचे केस चाटत असतं. मांजर असलेल्या घरात तो न लावणंच योग्य.

पिसवा पळवण्यासाठी कुत्र्याच्या जेवणात लसूण घालण्याचा सल्ला कानावर आला, तर तो सोडून द्यावा. कांदा-लसणातली गंधकयुक्त संयुगं लाल रक्तपेशींवर हल्ला करतात. हिमोग्लोबिनच्या रेणूवर अशा संयुगांना बळी पडणाऱ्या जागा मांजरात आठ, कुत्र्यात चार, तर माणसात दोनच असतात. मांजराला शरीराच्या दर किलो वजनामागे 5 ग्रॅम कांदाही बाधतो, म्हणजे चार किलोच्या मांजराला 20 ग्रॅम. कुत्र्यात ही मात्रा किलोमागे 15 ते 30 ग्रॅम आहे. लसूण याहून तीव्र असतो. शिजवून किंवा वाळवून विषारीपणा जात नाही. सुस्ती, फिकट हिरड्या, गडद लघवी ही लक्षणं बऱ्याचदा काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे मूळ कारण कोणाच्या ध्यानातच येत नाही.

दोघांनाही चालतील असे उपाय थोडे आहेत, पण आहेत ते पक्के. पहिला जखम धुण्यासाठी मिठाच्या पाण्याचा. एक लिटर पाणी उकळून त्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे 5 मिलिलिटरच्या चमच्याने सपाट दीड चमचा, विरघळवायचं आणि झाकून कोमट होऊ द्यायचं. या प्रमाणात पाण्याचा खारटपणा शरीरातल्या द्रवाइतका राहतो, म्हणून पेशी फुगत नाहीत की आक्रसत नाहीत. मीठ अंदाजाने जास्त पडलं की आग होते आणि नव्या पेशींना इजा होते. सुई काढलेल्या सिरिंजने खरचटलेल्या जागी पाण्याची धार सोडावी आणि माती, केस निघेपर्यंत धुवावं. कापूस वापरू नये, त्याचे तंतू जखमेत अडकतात. उरलेलं पाणी फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवावं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम स्वच्छ होतेय असं वाटतं, पण तो जखम भरणाऱ्या पेशींनाही मारतो.

माणसाला प्राणी चावला असेल तर मात्र मिठाच्या पाण्यावर भागत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण 15 मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीचं विचारावं. हळद, तिखट, तेल यातलं काहीही जखमेत भरू नये. मांजराचा दात बारीक असल्याने जखम वरून टाचणीएवढी दिसते, पण जंतू खोलवर गेलेले असतात.

जुलाबात माणसासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण काटेकोर पाळावं. आतड्याच्या पेशींवरचं एक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत घेतं आणि त्यांच्यामागे पाणी शोषलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्रात लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज आहे. घरातली साखर जवळपास दुप्पट लागते, कारण तिचा निम्माच भाग ग्लुकोज असतो. साखर वाढवली तर उलट पाणी आतड्यात ओढलं जाऊन जुलाब वाढतात. मीठ वाढलं तर लहान मुलाच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. तयार पाकीट कधीही अधिक भरवशाचं, त्यात पोटॅशियमही असतं. पण ते कुत्र्याला पाजण्याआधी घटक वाचा. झायलिटॉल नावाची गोडी कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने खाली आणते आणि त्याला किलोमागे 0.1 ग्रॅमही पुरते.

खोकल्यावर मध खरोखर उपयोगी आहे, पण एक वर्षाखालच्या बाळाला तो मुळीच चाटवू नये. त्यातले बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजू शकतात.

खाज सुटलेल्या कोरड्या त्वचेला ओट्सचं पाणी बरं पडतं, माणसाच्याही आणि कुत्र्याच्याही. बिनसाखरेचे, बिनस्वादाचे ओट्स मिक्सरमध्ये पिठाइतके बारीक करावेत. मोठा चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात ढवळल्यावर पाणी दुधाळ व्हायला हवं. चोथा तळाशी बसला तर पुन्हा दळावं. असं पीठ कोमट पाण्यात ढवळून अंगावर दहा-पंधरा मिनिटं ठेवावं, मग धुवावं आणि टिपून कोरडं करावं. गरम पाण्याने खाज वाढते. त्वचा ओलसर, दुर्गंधीयुक्त किंवा सोललेली असेल, तर हा उपाय करू नये.

काही विषारी पोटात गेलंच, तर मीठ पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. मिठाचीच विषबाधा होऊन प्राणी दगावू शकतो. हायड्रोजन पेरॉक्साइड कुत्र्याला द्यायचं तर फक्त पशुवैद्याने मात्रा सांगितल्यावर, मांजराला कधीच नाही. तेल अंगावर सांडलं असेल तर भांडी घासायच्या सौम्य द्रवसाबणाने आणि कोमट पाण्याने धुवा आणि प्राण्याला चाटू देऊ नका. डॉक्टरांना फोन करताना बाटली हातात ठेवा. काय, किती आणि केव्हा पोटात गेलं, प्राण्याचं वजन किती, हे ते सगळ्यात आधी विचारतील.