ओल्या पावलाचा ठसा आणि धावायचे बूट

पावसाळा सरला की पणजीत मिरामार ते कांपाल पहाटे धावणाऱ्यांची गर्दी वाढते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज परत फिरायला लागतो. पाय ओला करून कागदावर उभे राहा, ठसा अख्खा उमटला तर तुम्ही फ्लॅटफूट, म्हणजे तळव्याची कमान सपाट, मग अमुक बूट घ्या, मधे बारीक पट्टी दिसली तर कमान उंच, मग तमुक.

अहो, पण तो ठसा उभ्या पायाचा, बूट हवेत पळणाऱ्या पायाला! पळताना बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेवर टेकते, मग पाऊल आत कलतं, कमान दबते आणि तळव्याखालची जाड पट्टी, प्लांटर फॅशिया, ताणली जाते. ह्या कलण्याला प्रोनेशन म्हणतात, दुकानात ते आजार असल्यासारखं सांगतात, पण ती पायाची स्प्रिंग आहे. १९८७ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी शस्त्रक्रियेत कापावे लागलेले पाय मशीनमध्ये दाबून हे मोजलं. ७० किलोचा माणूस बऱ्यापैकी वेगात पळताना दर पावलाला साधारण १०० ज्यूल ऊर्जेची उलाढाल होते, त्यातले १७ ज्यूल कमानीत साठतात, ३५ घोट्यामागच्या अकिलीस टेंडनमध्ये, आणि त्यातले बहुतेक परत मिळतात. पुढे टाच उचलली की बोटं वर वळतात, ती पट्टी रहाटावर दोर गुंडाळावा तशी बोटांच्या मुळाशी ओढली जाते, कमान उंच होते आणि मघाचं लिबलिबीत पाऊल रेटा द्यायला कडक होतं. घरात कुणाला तरी उभं करून त्याचा पायाचा अंगठा वर उचला, बऱ्याच जणांची कमान चढताना दिसेल.

अमेरिकन सैन्याने २००९-१० च्या सुमारास हजारो रिक्रूटांपैकी अर्ध्यांना ठशाप्रमाणे बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकच प्रकार. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सामुद्रिकवाले तळव्याच्या रेषांवरून नशीब सांगतात, ठशावरून बूट सांगणं हे त्यांच्याच शेजारचं दुकान, आणि बुटात घालायच्या चुंबकवाल्या गाद्यांबद्दल, इनसोलबद्दल, तर बोलायलाच नको.

मग घ्यायचे कसे? संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. दोन्ही बूट घालून उभे राहा, पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी, टाच निसटता कामा नये, आणि लाज न बाळगता दुकानाबाहेर थोडं पळून बघा. जो जोड पायाला बरा वाटेल तो घ्या, "वापरून सैल होतील" हे ऐकू नका. बूट भिजले तर पेपरचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत नको, सोलमधला ईव्हीए फोम उष्णतेने मऊ पडतो.